नवापूरचं वर्तुळ

18 फेब्रुवारी 2006, शनिवार. महाराष्ट्राचे तत्कालीन पशुसंवर्धन मंत्री अनीस अहमद यांनी त्या दिवशी जाहीर केलं की नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर इथल्या कोंबड्यांना बर्ड फ्लूची, म्हणजे एच5एन1 या विषाणूची, लागण झाली आहे. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला होता. भारतात हा रोग अधिकृतपणे सापडण्याची ती पहिलीच वेळ. आग्नेय आशियातून निघालेला हा विषाणू युरोपात आणि आफ्रिकेत पोचल्याच्या बातम्या काही महिने येत होत्या. बाधित देशांतून कोंबड्या आणि अंडी आणायला आपल्याकडे बंदी होती, विमानतळ आणि बंदरं सावध होती. रोग मात्र दिसला तो समुद्रापासून आत, सुरत-भुसावळ रेल्वेवरच्या एका तालुक्याच्या गावात.

बातमी जाहीर होताच नकाशावर बाधित फार्मभोवती दोन वर्तुळं आखली गेली. एक तीन किलोमीटर त्रिज्येचं. त्यातला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा आणि प्रत्येक अंडं नष्ट करायचं. दुसरं दहा किलोमीटरचं. त्यातून कोंबडी, अंडी, खाद्य, कोंबडखत यांतलं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि आतल्या पक्ष्यांवर रोज नजर ठेवायची. या प्रकरणात सांगायचं आहे ते या वर्तुळांविषयी. पशुरोगांच्या बंदोबस्तात देशाची हद्द महत्त्वाची आहेच, पण रोग एकदा आत आला की खरी हद्द हीच, आणि ती किती लवकर आखली जाते यावर पुढचं सगळं ठरतं.

नवापूरभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं की त्याचा बराच भाग गुजरातेत जातो. गावाला लागूनच उच्छल तालुका आहे. तेव्हा तो सुरत जिल्ह्यात होता, 2007 पासून तापी जिल्ह्यात आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर दोन राज्यांत विभागलेलं आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत, आणि घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत. सुरतेची बाजारपेठ जवळ, नागपूर-सुरत महामार्ग दाराशी, मका पिकवणारा मुलूख आजूबाजूला. अंड्यांच्या धंद्याला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. अशा ठिकाणी आखलेलं वर्तुळ एका जिल्हाधिकाऱ्याच्या हुकमाने पूर्ण होत नाही. नंदुरबारच्या प्रशासनाने आपल्या बाजूची कमान आखली, उरलेली गुजरातने. मग उच्छलकडच्या कोंबड्यांतही लागण सापडली.

राज्यघटना लिहिणाऱ्यांनी या अडचणीचा विचार आधीच करून ठेवला होता. पशुधनाचं रक्षण आणि जनावरांच्या रोगांना आळा घालणं हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत. बंदरावरचं क्वारंटाइन केंद्राच्या सूचीत आहे. राज्याराज्यांमधलं क्वारंटाइन हाही केंद्राच्याच सूचीतला विषय, क्रमांक 81. आणि माणसं, जनावरं किंवा पिकं यांचे रोग आणि कीड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणं हा विषय समवर्ती सूचीत, क्रमांक 29 वर. म्हणजे डॉक्टर राज्याचा, नाका राज्याचा, आणि दोन राज्यांमधल्या रेषेवर काय करायचं याचा अधिकार केंद्राकडेही. कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते. नवापूरला ती एका आठवड्यात प्रत्यक्ष राबवायची वेळ आली.

वर्तुळ आखायच्या आधीचे दिवस अधिक महत्त्वाचे होते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच नवापूरच्या शेडमध्ये मरतूक सुरू झाली होती. हजारोंनी कोंबड्या मेल्या. पोल्ट्रीवाल्यांनी ती राणीखेत समजली, आणि यात त्यांना दोष देता येत नाही. राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडीही म्हणतात, हा कोंबड्यांचा जुना आणि ओळखीचा रोग. हिरवट हगवण होते, मान वाकडी होते, श्वास घरघरतो, अंडी एकाएकी कमी होतात. त्यावर लासोटाची लस असते, ती प्रत्येक पोल्ट्रीवाला डोळ्यात थेंब टाकून किंवा पिण्याच्या पाण्यातून देत असतो. बर्ड फ्लूतही अंडी घटतात, श्वास लागतो, पक्षी मान टाकतो. फरक असतो तो वेगात आणि रंगात. तुरा आणि गलोल सुजून निळे-जांभळे पडतात, पायाच्या पिसं नसलेल्या भागावर रक्त साकळल्याचे लाल डाग येतात, आणि काही वेळा लक्षण दिसण्याआधीच पक्षी मरून पडलेला असतो. शवविच्छेदन केलं तर हृदयावरची चरबी, जठर, स्नायू अशा सगळीकडे रक्तस्राव दिसतो. अनुभवी डॉक्टरला यावरून शंका येऊ शकते, खात्री करता येत नाही. खात्री प्रयोगशाळाच देते.

नमुना घेणं हे काम बाहेरून दिसतं तितकं साधं नाही. जिवंत आजारी पक्ष्याच्या श्वासनलिकेतून आणि गुदमार्गातून स्वॅब घेतात, मेलेल्या पक्ष्याच्या फुप्फुसाचे, प्लीहेचे, मेंदूचे तुकडे घेतात. स्वॅब विषाणू जगवणाऱ्या द्रावणात बुडवायचा. कुपी बंद करून दुसऱ्या डब्यात, तो डबा बर्फ भरलेल्या तिसऱ्या खोक्यात. खोक्याबरोबर पक्षी कुठला, किती मेले, कधीपासून, लस कोणती दिली होती, याचा कागद. हा खोका टपालाने पाठवत नाहीत, माणूस घेऊन जातो. महाराष्ट्रातले नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात आणि शंका मोठी असेल तर पुढे भोपाळला. नंदुरबारहून यातलं कोणतंही ठिकाण एका रात्रीच्या प्रवासाइतकं लांब आहे. बर्फ वितळला किंवा कागदावरची माहिती अपुरी निघाली, तर तो प्रवास पुन्हा करावा लागतो, आणि तोवर शेडमधला विषाणू थांबलेला नसतो.

भोपाळची प्रयोगशाळा तेव्हा ‘हाय सिक्युरिटी अ‍ॅनिमल डिसीज लॅबोरेटरी’ या नावाने ओळखली जायची. आज ती राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या खोल्यांमधला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच खेचली जाते. बाहेर सोडायची हवा बारीक गाळण्यांतून जाते, सांडपाणी निर्जंतुक करूनच सोडतात आणि काम करणारा माणूस आंघोळ करून, कपडे बदलूनच बाहेर पडतो. नमुन्यातला विषाणू फलित अंड्यात वाढवतात. नऊ ते अकरा दिवसांचा गर्भ असलेल्या अंड्यात नमुन्याचा अंश टोचायचा आणि काही दिवसांनी गर्भाभोवतीचा द्रव काढून त्यात कोंबडीच्या तांबड्या पेशी मिसळायच्या. फ्लूचा विषाणू असेल तर पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या दिसतात. राणीखेतचा विषाणूही हेच करतो, म्हणून पुढे एच5 साठीची वेगळी रसायनं आणि पीसीआर वापरून नेमकी ओळख पटवतात.

एच5एन1 पक्ष्यांसाठी इतका घातक का, याचं उत्तर त्याच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनात आहे. हे प्रथिन एका ठराविक जागी कापलं गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. सौम्य प्रकारांत हा काप घालू शकणारी विकरं फक्त श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात, म्हणून रोग तिथेच राहतो. घातक प्रकारांत त्या जागेची रचना अशी बदललेली असते की शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतली विकरं काप घालू शकतात. मग मेंदू, हृदय, यकृत सगळीकडे विषाणू वाढतो आणि कोंबडी एक-दोन दिवसांत मरते. अशा कोंबडीच्या विष्ठेतून, नाकातल्या स्रावातून, पिसांतून प्रचंड प्रमाणात विषाणू बाहेर पडत असतो. तो अंड्यांच्या ट्रेला लागतो, खाद्याच्या रिकाम्या पोत्यांना लागतो, गाडीच्या चाकांना आणि कामगारांच्या चपलांना लागतो. रोग एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर जातो तो बहुतेक वेळा असाच, माणसांच्या आणि गाड्यांच्या पायाने.

म्हणून वर्तुळातल्या निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांनाही मारावं लागतं. हे काम कसं चालतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण वर्तमानपत्रात ‘कलिंग’ हा एकच शब्द छापून येतो आणि त्यामागचे कष्ट दिसत नाहीत. पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, परिचर यांची पथकं ते करतात. नवापूरला राज्याच्या निरनिराळ्या भागांतून माणसं बोलावली गेली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, दुहेरी हातमोजे, गमबूट, चष्मा, मास्क. शेडमध्ये आधीच अमोनियाचा दर्प असतो, त्यात त्या पोशाखात माणूस काही मिनिटांत घामाने भिजतो आणि चष्म्यावर वाफ धरते. पिंजऱ्यातून कोंबड्या एकेक करून काढायच्या, मान पिरगळून मारायच्या, मोजायच्या, पोत्यात भरायच्या. मोजणी महत्त्वाची, कारण भरपाई तिच्यावर ठरते, म्हणून तलाठ्यापासून पंचांपर्यंत सह्यांचे कागद तिथेच तयार होतात. तोवर फार्मच्या आवारातच जेसीबीने खोल खड्डा काढलेला असतो. तळाला चुना, त्यावर पक्ष्यांचा थर, पुन्हा चुना, वर माती. अंडी, खाद्य, ट्रे, लिटर सगळं त्याच वाटेने. मग शेडची जमीन खरवडायची, धुवायची, जंतुनाशक फवारायचं आणि शेडला सील ठोकायचं. पथकातल्या प्रत्येकाला ऑसेल्टामिविरच्या गोळ्या आणि नंतर काही दिवस रोज ताप पाहणं.

आयुष्यभर जनावरं वाचवण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसांनी दिवसाला हजारो निरोगी पक्षी मारायचे, ही या नोकरीतली सर्वांत अवघड गोष्ट असावी. त्यांच्या कामाची नोंद फारशी कुठे झालेली नाही. ती व्हायला हवी होती.

माणसांनाही लागण झाली आहे का हे पाहण्यासाठी नवापुरात घरोघर जाऊन तापाचे रुग्ण शोधले गेले, संशयितांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे आणि दिल्लीला गेले. एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. भारतात एच5एन1 ने माणूस दगावल्याची पहिली नोंद थेट जुलै 2021 ची आहे, दिल्लीच्या एम्समध्ये दाखल झालेल्या हरियाणातल्या अकरा वर्षांच्या मुलाची. पण 2006 मध्ये हे कुणाला ठाऊक नव्हतं. हाँगकाँगमध्ये 1997 साली याच विषाणूने अठरा जणांना गाठलं होतं आणि त्यांतले सहा दगावले होते. देशभर लोकांनी चिकन खाणं सोडलं, रेल्वेने जेवणातून अंडी आणि चिकन काढलं, भाव कोसळले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडे घरच्या कोंबड्यांत लागण सापडली. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश मिळून त्या पहिल्या लाटेत दहा लाखांवर पक्षी मारले गेले.

मग देशाच्या हद्दीवरची यंत्रणा काय करत होती, असा प्रश्न साहजिक आहे. ती यंत्रणा जुनी आहे. जिवंत जनावरं आणि पक्षी आयात करण्यावर नियंत्रण ठेवणारा आपला कायदा 1898 चा. बियाणं, रोपं आणि फळांबरोबर येणाऱ्या किडींसाठीचा कायदा 1914 चा. पशूंसाठी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद इथे केंद्र सरकारची क्वारंटाइन स्थानकं आहेत. ब्रॉयलरच्या जातिवंत पिढीची एक दिवसाची पिल्लं विमानाने मुंबईला उतरतात, तेव्हा त्यांच्या पेट्या उघडून तपासणारा डॉक्टर या सेवेतला असतो. आयातीचा परवाना आधी घ्यावा लागतो, पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी पशुवैद्याचं प्रमाणपत्र लागतं, आल्यावर पक्षी वेगळे ठेवून नमुने तपासले जातात. ही चाळणी बारीक आहे आणि तिने अनेक रोग अडवले आहेत.

पण ती चाळते ते कागदपत्रांसह आलेल्या मालाला. 2005 च्या उन्हाळ्यात चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी एच5एन1 ने मेले. त्यांत पट्टकादंब मोठ्या संख्येने होते. हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतातल्या तलावांवर उतरणारा हा हंस. नवापूरच्या विषाणूची जनुकीय रचना तपासली तेव्हा तो चिंगहाईतून पसरलेल्या वंशाचाच निघाला. त्याच वंशाने त्या वर्षभरात युरोप आणि आफ्रिका गाठली होती. रानपक्षी, चोरटा व्यापार, दुसऱ्या देशातून आलेल्या माणसाचे बूट, यांपैकी कशालाही पेटी नसते आणि प्रमाणपत्रही नसतं. म्हणून हद्दीवरची तपासणी कितीही कडक केली तरी आतली नजर तिच्या बरोबरीची लागते. फ्लूच्या विषाणूंना नाव देताना यजमान, ठिकाण आणि वर्ष जोडायची पद्धत आहे. त्यामुळे जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत आजही ‘चिकन, नवापूर, 2006’ असं एक नाव सापडतं.

या आतल्या नजरेची जाणीव जगाला ज्या घटनेने झाली, तीही भारताशी जोडलेली आहे. 1920 साली भारतातून ब्राझीलकडे निघालेले बैल जहाजातून बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरले. त्यांच्यात बुळकांडी हा गुरांचा साथीचा रोग होता. युरोपने हा रोग मोठ्या कष्टाने हटवला होता, तो पुन्हा बेल्जियममध्ये शिरला. त्या धक्क्यातून 1924 मध्ये अठ्ठावीस देशांनी पॅरिसमध्ये एक संस्था उभी केली. तीच आजची जागतिक पशु आरोग्य संघटना. तिचा मूळ करार साधा होता: आपल्याकडे रोग निघाला की लपवायचा नाही, बाकीच्यांना ताबडतोब कळवायचं. नवापूरची खबर भारताने याच संघटनेला दिली. योगायोग असा की त्याच 2006 साली, मे महिन्यात, या संघटनेने भारताला बुळकांडीमुक्त म्हणून मान्यता दिली. त्यामागे गावोगावचं लसीकरण, हद्दीवरची तपासणी आणि जनावर आजारी दिसताच खबर देणारी माणसं होती. पाच वर्षांनी बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं.

खबर द्यायची तर तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न इथून सुरू होतो. नवापूरची बातमी जगाला कळल्यावर अनेक देशांनी सगळ्याच भारतीय कोंबड्या आणि अंडी नाकारली. तामिळनाडूतल्या नमक्कलहून आखाती देशांत जाणाऱ्या अंड्यांच्या निर्यातीला फटका बसला. नमक्कल नवापूरपासून हजार किलोमीटरहून दूर, तिथे रोग नव्हता. आपल्या निर्यातदारांचं म्हणणं बरोबर होतं: रोग जिथे आहे तिथे वर्तुळ आखा, अख्खा देश बंद करू नका.

आणि तरीही आपण बाकीच्या देशांशी तेच केलं. ज्या देशात कुठेही बर्ड फ्लू निघेल, मग तो सौम्य प्रकारचा का असेना, त्या संपूर्ण देशातून पोल्ट्री आणायला भारताने बंदी ठेवली. अमेरिकेने मार्च 2012 मध्ये जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. ऑक्टोबर 2014 मध्ये तिथल्या मंडळाचा निकाल आला आणि जून 2015 मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. भारत हरला. बंदीमागे शास्त्रीय जोखमीचं मूल्यमापन नव्हतं, आंतरराष्ट्रीय मानकांशी ती जुळत नव्हती, आणि तिसरा मुद्दा थेट नवापूरशी नातं सांगणारा होता. भारत स्वतःच्या हद्दीत रोग निघाला की फक्त दहा किलोमीटरच्या वर्तुळात निर्बंध घालतो, बाकीच्या देशात अंडी-कोंबड्यांचा व्यापार चालू राहतो, पण परक्या देशात रोग निघाला तर अख्खा देश बंद करतो. घरात एक माप आणि दारात दुसरं, हे व्यापाराच्या नियमांत बसत नाही, असं मंडळाने म्हटलं. त्यानंतर अमेरिकेने वर्षाला 45 कोटी डॉलरच्या नुकसानीचा दावा लावला. सप्टेंबर 2023 मध्ये, दिल्लीतल्या जी-20 परिषदेच्या सुमारास, दोन्ही देशांनी हा वाद आपसात मिटवला आणि भारताने गोठवलेली टर्की, बदक, ब्लूबेरी अशा काही मालांवरचं आयात शुल्क कमी केलं.

या निकालावर आपल्याकडे परकीय दबाव म्हणून टीका झाली. छोट्या कुक्कुटपालकाची काळजी त्या टीकेत खरी होती. पण तत्त्व म्हणून तो निकाल मला योग्य वाटतो, कारण वर्तुळावर विश्वास ठेवा असं जगाला सांगायचं असेल तर आपणही तो ठेवायला हवा. त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. ज्या फार्मच्या भिंतीआड जैवसुरक्षा पक्की आहे, त्यांना रोगमुक्त ‘कंपार्टमेंट’ म्हणून जाहीर करायची पद्धत भारताने स्वीकारली. 2023 मध्ये असे 26 कंपार्टमेंट पॅरिसच्या संघटनेने मान्य केले, त्यांत महाराष्ट्रातलेही आहेत. आजूबाजूला रोग निघाला तरी अशा फार्मची निर्यात थांबत नाही. मोठ्या कंपन्यांना हे साधतं. नवापूरच्या मध्यम पोल्ट्रीवाल्याला आणि पाड्यावर दहा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या घराला याचा अजून काही उपयोग नाही.

दरम्यान 2009 मध्ये केंद्राने जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा प्रतिबंध आणि नियंत्रण करणारा देशव्यापी कायदा केला. त्यात खबर देणं बंधनकारक आहे. मालकाला आपलं जनावर यादीतल्या एखाद्या रोगाने आजारी असल्याचा संशय आला तर त्याने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं आणि तिथून ते जवळच्या पशुवैद्यापर्यंत गेलं पाहिजे. राज्य सरकारला कोणताही भाग ‘नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर करता येतो, जनावरांची ने-आण आणि बाजार थांबवता येतात, तपासणी नाके आणि क्वारंटाइन छावण्या उभारता येतात. सप्टेंबर 2022 मध्ये गुरांचा लम्पी रोग पसरला तेव्हा याच कायद्याखाली संपूर्ण महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र ठरला आणि बैलबाजार बंद झाले. राज्याने तेव्हा दगावलेल्या गाईमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपये मदत दिली. नंदुरबार जिल्ह्यात अशा कायद्याची कसोटी दरवर्षी लागू शकते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या बाजारात उत्तर प्रदेश, राजस्थान, पंजाबपर्यंतचे घोडे येतात. घोड्यांचा ग्लँडर्स हा माणसालाही होणारा रोग, आणि त्याच्या तपासणीसाठी रक्ताचे नमुने हरियाणात हिसारला जातात. घोड्याबरोबर तो निरोगी असल्याचा दाखला असणं म्हणजे काय, हे तिथे आलेल्या व्यापाऱ्यांना चांगलं कळतं.

फेब्रुवारी 2021 मध्ये बर्ड फ्लू पुन्हा नवापूरला आला. पंधरा वर्षांत बरंच बदललं होतं. शंका येताच नमुने गेले, पथकं तयार होती, आणि केंद्राच्या सुधारलेल्या आराखड्यात मारण्याचं वर्तुळ तीन किलोमीटरवरून एक किलोमीटरवर आलं होतं. तरी नवापूरला फार्म एकमेकांना इतके लागून आहेत की त्या एका किलोमीटरातही लाखो पक्षी गेले. शेजारच्या शेडमध्ये रोग नसला तरी वर्तुळात आहे म्हणून ती रिकामी झाली.

त्या वर्षीचे भरपाईचे दर असे होते: आठ आठवड्यांपुढच्या अंड्यावरच्या कोंबडीला 90 रुपये, त्याआधीच्या पिल्लाला 20, मोठ्या ब्रॉयलरला 70, अंड्याला 3, खाद्याला किलोमागे 12. आता लेअर पक्ष्याचा हिशेब पाहू. तो अठरा-वीस आठवड्यांचा होईपर्यंत एकही अंडं देत नाही. तेवढे दिवस फक्त खाद्य, लस, वीज आणि मजुरी यांचा खर्च. त्यानंतर वर्षभर आणि वर काही आठवडे तो तीनशेच्या आसपास अंडी देतो आणि घातलेला पैसा त्यातून हळूहळू परत येतो. वीस आठवड्यांचा पक्षी मारला गेला तर मालकाचा सगळा खर्च झालेला असतो आणि मिळकत शून्य असते. 90 रुपयांत त्याचं खाद्यही भरून निघत नाही. वर शेड सील, जंतुनाशकं मारून काही महिने रिकामी, बँकेचा हप्ता मात्र चालू. पुन्हा पक्षी भरले तरी पहिलं अंडं दिसायला आणखी चार-पाच महिने.

अशा मालकाच्या शेडमध्ये सकाळी नेहमीपेक्षा जास्त पक्षी मेलेले दिसले तर त्याच्यापुढे दोन रस्ते असतात. डॉक्टरला फोन करायचा, किंवा उरलेले पक्षी मिळेल त्या भावाने त्याच दिवशी गाडीत भरायचे. दुसरा रस्ता गुन्हा आहे. पण त्या सकाळी तो पहिल्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि ती गाडी नवापूरहून निघाली की तासाभरात दुसऱ्या राज्यात असते. नवापूरजवळच्या बेडकीपाड्याच्या सीमा तपासणी नाक्यावर उभा असलेला माणूस पिंजऱ्यातली कोंबडी बघून तिच्या पोटात काय वाढतंय ते सांगू शकत नाही. लागण झालेला पक्षी पहिला एखादा दिवस अगदी धडधाकट दिसतो. त्या दिवसाची माहिती फक्त मालकाकडे असते.

म्हणून भरपाईला मदत किंवा दया समजणं चूक आहे. ती रोगाची पहिली बातमी विकत घेण्याची किंमत आहे, आणि क्वारंटाइनच्या सगळ्या यंत्रणेत यापेक्षा मोलाची खरेदी नाही. हा दर वर्षानुवर्षं एका शासन निर्णयात गोठून राहू नये. अंड्यांचा भाव या देशात रोज सकाळी जाहीर होतो, कोंबडीचाही होतो. भरपाई पक्ष्याच्या वयाप्रमाणे आणि चालू बाजारभावाला बांधून दर तिमाहीला ठरवणं अवघड नाही. शेड रिकामी राहण्याच्या महिन्यांसाठी व्याजात सूट देता येते. लागण निघाल्यावर लगेच कळवणाऱ्याला पूर्ण दर आणि उशीर करणाऱ्याला कमी, असा भेद ठेवता येतो. आणि पाड्यावरच्या गावठी कोंबड्यांचा दर वेगळा, चढा हवा. गावठी कोंबडी बाजारात ब्रॉयलरच्या दुपटीहून जास्त भावाने जाते, तिच्यावर कुणाच्या शाळेचा, कुणाच्या दवाखान्याचा खर्च भागतो. पांढऱ्या पोशाखातलं पथक दारात आलं आणि त्या घरातल्या बाईने एक खुडूक कोंबडी टोपलीखाली झाकून ठेवली, तर एक किलोमीटरचं वर्तुळ तिथेच फुटतं.